सारख्या अंतरावरचे पडदे

मी एक जुनी वीणा आहे. विद्येच्या देवीच्या मांडीवर जी विराजते, ती मीच. निदान तंजावरच्या ज्या सुताराने मला घडवलं, त्याने मला तसं सांगितलं होतं. पुढे कळलं की तो हे प्रत्येक वीणेला सांगत असे, गिऱ्हाईक समोर असलं की जरा मोठ्याने. मित्रांनो, मी फणसाच्या लाकडाची. ज्या खोडातून माझा गोल घट आणि लांब दांडी कोरून निघाली, त्याच खोडाच्या उरलेल्या तुकड्याची एक गव्हाण झाली. सुताराच्या घरच्या म्हशी तिच्यात वर्षानुवर्षं पेंड खात राहिल्या. तिच्याबद्दल कुणाची तक्रार मी ऐकली नाही.

माझ्या दांडीवर पितळेचे चोवीस पडदे आहेत. हे पडदे खिळ्यांनी ठोकत नाहीत. मेण आणि कोळशाची पूड एकत्र वितळवून दांडीवर दोन काळ्या कडा घालतात, आणि मेण मऊ आहे तोवर एकेक पडदा कानाने ऐकून त्यात रोवतात. दांडीच्या वरच्या टोकाला पडदे लांब लांब असतात, खाली येताना त्यांची गर्दी होते. डोळ्यांना हे वेडंवाकडं दिसतं, कानाला बरोबर लागतं. डोळे आणि कान यांपैकी कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न पुढे माझ्या बाबतीत उभा राहिला. निकाल डोळ्यांच्या बाजूने लागला.

माझे पहिले मालक व्यंकोबाराव. त्यांचे पूर्वज अडीचशे वर्षांपूर्वी मराठी राजांबरोबर इकडून तंजावरला गेले आणि परत यायचं विसरले. घरात मराठी बोलत, रस्त्यावर तमिळ, आणि गायला बसले की तेलुगू. देवाला तिन्ही भाषा येत असाव्यात, असं गृहीत धरलेलं होतं.

व्यंकोबारावांच्या घरी शिकणं म्हणजे पायऱ्या चढणं. आधी वर्णम. पैलवानाला जोर-बैठका असतात, तसं वादकाला वर्णम. रागाचं सगळं वळण त्यात ठासून भरलेलं असतं; आधी सावकाश वाजवायचं, मग तेच दुप्पट वेगाने. त्यानंतर कृती. ही खरी रचना. पल्लवी, अनुपल्लवी आणि चरण अशी तिची तीन दालनं, आणि प्रत्येकातून फिरून पुन्हा पहिल्यात यायचं. मग संथ, उसासे टाकणारं पदम. मग जावळी, ही थोडी चावट, म्हणून पाहुणे गेल्यावर. मग तिल्लाना, ज्यात अर्थाचे शब्द जवळजवळ नसतात आणि म्हणून जो सगळ्यांना समजतो.

आणि सगळ्यांत वर रागम-तानम-पल्लवी. इथे रचना अशी फारशी उरतच नाही. आधी तालाशिवाय राग उलगडायचा, मग त्याला तानमची लय द्यायची, आणि शेवटी पल्लवी म्हणून एकच ओळ घ्यायची. एकच. ती तासभर वाजवायची. कधी तालाच्या निम्म्या वेगात, कधी दुपटीत, कधी मधूनच उचलून, पण प्रत्येक वेळी ती आपल्या ठरलेल्या जागी येऊन टेकली पाहिजे. सबंध विद्येचा कस त्या एका ओळीत लागतो. व्यंकोबाराव ती पायरी मुलग्यांसाठी राखून होते. मुलींना कृतीपर्यंत शिकवायचं आणि लग्न करून द्यायचं, अशी घरची रीत होती. त्यांचे दोन्ही मुलगे वकील झाले.

मुलगी एकच, कनकाबाई. पल्लवीचा पाठ सुरू झाला की तिला पाणी आणायला आत पाठवत. आत जाऊन ती दाराआड उभी राहून ऐकत असे. पाणी आणायला तिला फार वेळ लागतो, अशी घरात तक्रार होती.

लग्नात तिच्याबरोबर मीही दिली गेले. तिचे यजमान सुंदरराव लोणावळ्याला स्टेशनात तारमास्तर होते. सज्जन गृहस्थ. तारेत जेवढे शब्द बसतात तेवढेच घरी बोलत. आम्ही सव्वीस सालच्या सुमारास लोणावळ्यात उतरलो. कनकाबाई फार आनंदात होती. अडीचशे वर्षांनी घराण्यातलं कुणीतरी आपल्या मुलखात परत येत होतं. भाजीवालीशी ती पहिल्यांदा बोलली, "मावशी, वांगीं कशीं दिधलीं?" भाजीवाली म्हणाली, "बाई, तुमी मद्रासी दिसता, पर मराठी बरं शिकला." तेव्हापासून बाजारात, स्टेशनवर, विहिरीवर ती मद्रासीण बाई झाली. आपण मराठीच आहोत, असं तिने पुष्कळांना सांगून पाहिलं. लोक ऐकून घेत आणि विचारत, "मंग गाव कुटलं?"

त्या एकटेपणात तिने पल्लवी बसवली. सुंदरराव कामावर गेले की ती मला मांडीवर घेई आणि दाराआड ऐकलेलं आठवून आठवून जोडी. तेलुगू ओळ तिने घेतली नाही. कार्ल्याच्या डोंगरावरच्या देवीला उद्देशून तिने मराठीतच ओळ केली : "एकवीरे माये, इकडे लक्ष देई." पहिला भाग, मध्ये टेकायची जागा, मग दुसरा भाग. ती ओळ बरोबर बसायला सात-आठ वर्षं लागली.

घरी धुणंभांडी करायला सरुबाई येत असे, मळवलीची. ती भांड्यांपेक्षा मोठ्याने बोलत असे.

"बाई, एक इचारू? राग नगा धरू."

"विचार."

"रोज त्येच त्येच वाजिवता. पुढचं येत न्हाई व्हय?"

कनकाबाई हसली. "पुढचं नाहीच, सरू. हेच आहे."

"आन् देवीनं दिलं का लक्ष?"

"अजून नाही."

"मंग बदला की गानं."

चौतीस सालच्या चैत्रात पत्र आलं. व्यंकोबाराव मुंबईला माटुंग्याला एका लग्नाला येणार होते. परतताना चार दिवस लोणावळ्याला उतरतील, आणि मग मद्रासकडची दुपारची गाडी धरतील. त्यापुढे राहता येणार नाही, कारण तंजावरला त्यांच्या गुरूंची पुण्यतिथी होती आणि ती त्यांनी उभ्या जन्मात चुकवली नव्हती. शेवटी एक ओळ होती : डावा कान गेला आहे, उजवाही आता फार दिवस साथ देईलसं वाटत नाही.

कनकाबाईने ते पत्र वाचलं आणि मला मांडीवर घेतलं. तिला बक्षीस नको होतं, शाबासकीही नको होती. तिच्या अप्पांनी एकदा समोर बसून ती पल्लवी ऐकावी, त्यांच्या उजव्या कानाने, तो शाबूत आहे तोवर. एवढंच तिला हवं होतं. त्या दिवसापासून ती इतकी वाजवू लागली की सरुबाईने कानाला पदर बांधला.

त्याच आठवड्यात सरुबाईचा नवरा हौशीराम आणखी दोघांना घेऊन दारात आला. तो टांगा चालवी, आणि मळवलीच्या मारुतीच्या देवळातल्या सप्ताहाची व्यवस्था त्याच्याकडे असे. मित्रांनो, सप्ताह म्हणजे सात दिवस अखंड भजन. त्यात एक वीणा असते, आणि ती सातही दिवस उभी असते. म्हणजे कुणीतरी ती गळ्यात अडकवून उभं राहायचं, तास झाला की पुढच्याच्या गळ्यात घालायची, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. टेकली तर सप्ताह मोडला.

"बाई, देवळातली ईना फुटली," हौशीराम म्हणाला. "भिमाजी अंधारात तिच्यावर बसला."

"अंधार व्हता," भिमाजी म्हणाला.

"दिवा तुज्याच हातात व्हता. बाई, उद्या सप्ता बसायचा. पुन्याला मानूस धाडला तर दोन दिस जात्यात. तुमची ईना द्या. सात दिस. डोळ्यांत तेल घालून जपू."

माझ्या मते कनकाबाई नाही म्हणणार होती. मी गळ्यात अडकवायची चीज नव्हे, बसून मांडीवर घ्यायची. भजनाची वीणा हलकी असते. मी तिच्या तिप्पट जड. पण तेवढ्यात हौशीराम म्हणाला, "दुसऱ्या कुनाकडं मागतो आमी? तुमी आपल्याच मानूस की."

आठ वर्षांत हे तिला कुणी म्हणालं नव्हतं. तिने मला धुतलेल्या लुगड्यात गुंडाळलं आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी मला खरोखरच जपलं, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. इतका मान मला तंजावरातही मिळाला नव्हता. रोज हार, रोज बुक्का. माणसं उपरण्याने मला गळ्यात बांधत आणि वाकून वाकून उभी राहत. पहिल्या दिवशी तिघांच्या माना आखडल्या, पण कुणी चकार शब्द काढला नाही. माझे पडदे कशासाठी आहेत, हे कुणी विचारलं नाही. मोकळ्या तारांवरून बोट फिरलं की पुरे. चौथ्या दिवसापासून वीणेकरी खांबाला टेकून उभे राहू लागले, कारण वजन सोसवेना. त्या खांबालाच ग्यासबत्ती टांगली होती.

वरून बत्ती, बाहेर चैत्राचं ऊन, पाठीमागे माणसाच्या छातीची ऊब. माझं मेण सुटू लागलं. आधी खालचे पडदे कलले, मग मधले घसरले. आठव्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं तेव्हा माझी दांडी पावसात भिजलेल्या कुंपणासारखी दिसत होती.

हौशीराम घाबरला. "बाईंला काय तोंड दाखवायचं?" तो म्हणाला.

गावचा सुतार रखमाजी पुढे झाला. चांगला कारागीर, हातात सफाई. त्याने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "घाबरू नगं. मी करतो. असं करतो की बाई म्हंत्याल, नवी आनली काय."

ते काळं मेण त्याला वर्षानुवर्षांचा मळ वाटला. त्याने तो पटाशीने खरवडून काढला, दांडी घासून लख्ख केली. मग चोवीस पडदे मोजले, दांडीची लांबी सुतळीने मोजली, भाग पाडले आणि सगळे पडदे अगदी सारख्या अंतरावर सरसाने चिकटवले. शिडीसारखे. गावातल्या सगळ्यांनी येऊन पाहिलं. आधीपेक्षा किती नीटस झालं, यावर एकमत होतं.

मला वाजतगाजत परत आणलं. हार, नारळ, बत्तासे. रखमाजी स्वतः पुढे.

"बाई, कुनी केलतं पयलं काम? एक पडदा हितं, एक पार तितं. मी समदे एका टप्प्यावर घेतले. पैसं नगं, देवाचं काम हाय."

कनकाबाईने माझ्या दांडीवरून नजर फिरवली. तिचा चेहरा मी पाहिला. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "फार श्रम घेतलेत, रखमाजी. बसा, गूळपाणी आणतें." तिने सगळ्यांना गूळपाणी दिलं. मंडळी गेली. मग तिने मला मांडीवर घेतलं, एका तारेवर बोट दाबलं आणि छेडलं. तो स्वर कुठल्याच रागातला नव्हता. तिने पुढचा पडदा दाबला नाही.

सरुबाई दाराशी उभी होती. "बाई, बिघाडलं का काय?"

"काही नाही, सरू."

"मंग रडता कशापायी? रखमाजीला बोलावू का परत?"

"नको," कनकाबाई घाईने म्हणाली. "त्याला नको."

व्यंकोबाराव तिसऱ्या दिवशी सकाळी उतरले. त्यांनी मला पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. रागावले नाहीत. "सुतार चांगला आहे," ते म्हणाले. "अंतर जराही चुकलेलं नाही."

पंचक्रोशीत पडदे बसवू शकणारा माणूस एकच होता, आणि तो चार दिवसांनी जाणार होता. त्यांनी अंगरखा उतरवला आणि कामाला बसले. आधी सरस काढायचा होता, आणि रखमाजीचं काम पक्कं असल्यामुळे त्यातच सबंध दिवस गेला. मग मेण पाहिजे. बाजारातल्या मेणाला चिकटपणा नव्हता. सरुबाईने विसापूरच्या कड्यावरून मध काढणाऱ्या कातकऱ्यांकडून पोळ्याचं मेण आणलं. ते वितळवणं, गाळणं, कोळसा खलणं, पुन्हा वितळवणं.

कनकाबाई शेजारी बसून निखाऱ्यांना वारा घालत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने हळूच म्हटलं, "अप्पा, मीं पल्लवी बसवली आहे."

त्यांनी उजवा कान तिच्याकडे केला. "काय?"

"पल्लवी. माझी आपली."

"शिकवली कोणी?"

"कोणी नाहीं."

व्यंकोबाराव मेणात काडी बुडवून त्याचा ताव पाहत राहिले. मग म्हणाले, "ताल कोणता?"

तिने सांगितला. त्यांची बोटं मांडीवर आपोआप मोजू लागली. एक आवर्तन पुरं झालं. दुसरं सुरू झालं. कनकाबाई त्या बोटांकडे पाहत होती. मग मेण उतू जाऊ लागलं आणि त्यांनी हात उचलला. "पाहूं," ते म्हणाले. "आधीं पडदे. पडद्यांवांचून पल्लवी कसली?"

यात त्यांचं काही चुकलं, असं मला म्हणता येत नाही.

तिसऱ्या दिवशी ते एकेक पडदा रोवत गेले. उजवा कान माझ्या घटाला लावून छेडत, हलवत, पुन्हा छेडत. ज्या कानाला ऐकवायचं होतं, तो कान ते माझ्यावर खर्चत होते. संध्याकाळी म्हणाले, "आतां आवाज दुरून येतो आहे," आणि चोविसांतले पाच पडदे दुसऱ्या दिवसावर ठेवले.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा पडदा बसला. सुंदरराव सकाळीच कामावर गेले होते. सामान दारात बांधून ठेवलं होतं. व्यंकोबारावांनी मला मुलीच्या मांडीवर ठेवलं.

"वर्णम वाजव. पडदे कळतील."

तिने वर्णम वाजवलं, आधी सावकाश, मग दुप्पट. ते ऐकत होते, पण तिला नव्हे, पडद्यांना. मधूनच "थांब" म्हणून एखादा पडदा अंगठ्याने दाबत. वर्णम संपलं. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "आतां तुझं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं चांगलं असं काही असेल तर ते पुढचं थोडंसं. कनकाबाईने राग सुरू केला. व्यंकोबारावांनी काडी खाली ठेवली, डोळे मिटले, मान उजवीकडे कलवली. ती सावकाश वर चढत गेली. सरुबाई भांडी ठेवून चौकटीत येऊन बसली. राग पुरा उलगडला. तानम सुरू झालं, माझ्या तारांना चाल आली. व्यंकोबारावांच्या तोंडून एकदा "हं" असं आलं. तानम संपलं. ओळ सुरू करायला तिने श्वास घेतला.

"आबा, टांगा आलाय," बाहेरून हौशीराम ओरडला. "गाडी चुकंल!"

व्यंकोबारावांनी डोळे उघडले. ज्यांनी उभ्या जन्मात गुरूंची पुण्यतिथी चुकवली नव्हती ते गृहस्थ उठून उभे राहिले. तिच्या हाताकडे, मग दाराकडे पाहिलं.

"अप्पा, ओळ एकच आहे," ती म्हणाली.

"एकच असते, बाळे," ते म्हणाले. "म्हणूनच तिला तास लागतो. पुढच्या खेपेस ऐकेन."

"पाच मिंटं थांबतो की मी," हौशीराम चौकटीत येऊन म्हणाला. त्याला काहीतरी चुकलंसं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. पण व्यंकोबारावांनी तोवर पायांत जोडे सरकवले होते. जाता जाता ते वळले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "पडदे बरे बसले."

कनकाबाई त्यांना पोहोचवायला गेली. मी चटईवर होते. सरुबाईने माझ्यावर लुगडं टाकलं.

त्या श्रावणात तंजावरहून अप्पा गेल्याची तार आली. ती घेणारे सुंदररावच होते. कनकाबाईने त्यानंतर वर्णम पुष्कळ वेळा वाजवलं, कृती वाजवल्या, एकदा शेजारणींच्या आग्रहावरून जावळीसुद्धा. पल्लवी वाजवली नाही. बेचाळीस साली सुंदररावांची बदली झाली, तेव्हा तिने मला मळवलीच्या देवळाला देऊन टाकलं. आता मी वर्षातले सात दिवस उभी असते आणि उरलेले दिवस खुंटीवर. पडदे अजून जागच्या जागी आहेत. त्यांना बोट लावणारं कुणी नाही, त्यामुळे ते बिघडायचं कारणही उरलेलं नाही. मला कुणी हात लावला की रखमाजी आधी ओरडतो, "बत्तीपासनं लांब धरा!" त्याला खरं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. पडदे पुन्हा वाकडे झाले ते दिव्याच्या धगीनं, अशी त्याची समजूत आहे, आणि एकदा आपण वीणा दुरुस्त केली होती, असं तो पाहुण्यांना सांगतो.

तर मित्रांनो, वाद्यांची काळजी घ्या. त्यांना ऊन लागू देऊ नका, दिव्याजवळ टांगू नका. एखादी गोष्ट वेडीवाकडी दिसली तर सरळ करण्याआधी ती ज्याची आहे त्याला विचारा. आणि घरातलं कुणी तुम्हाला काही ऐकवायचं म्हणत असेल, तर आधी ऐकून घ्या. मग दुरुस्त्या करा.

त्या दिवशी घाटात मालगाडी अडल्यामुळे मद्रासकडची गाडी लोणावळ्याला दीड तास उशिरा आली. तशी तार सुंदररावांनी सकाळीच घेतली होती, पण घरी वाजवणं चाललं असेल, उगाच कशाला मध्ये बोलायचं, म्हणून त्यांनी निरोप पाठवला नाही. तो दीड तास व्यंकोबाराव फलाटावरच्या बाकावर झोपले होते.